दहाव्या ओळीत हातचा येतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या बालपुरवणीत ‘गणिताचा चमत्कार’ या मथळ्याखाली एकांचा मनोरा छापला होता. १ गुणिले १ बरोबर १, ११ गुणिले ११ बरोबर १२१, १११ गुणिले १११ बरोबर १२३२१, असे चढत चढत नवव्या ओळीला नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. त्याखाली दहावी ओळ होती: दहा एकांचा वर्ग १२३४५६७८९१०९८७६५४३२१. पहिल्या नऊ ओळी बरोबर आहेत. दहावी चुकीची आहे. खरे उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे. हा मुद्रणदोष असता तर मी पोस्टकार्डावर दोन ओळी लिहून पाठवल्या असत्या. पण येथे नवापर्यंत चढले म्हणजे दहापर्यंतही चढणार, असे धरून गुणाकार न करताच ती ओळ लिहिली गेली आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या इमारतीतली सहावीतली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे गणित करायला येते. तिने ती चौकट कापून वहीत चिकटवली होती. मी तिला म्हटले, एखादी ओळ स्वतः गुणून बघ. तिने मुद्दाम शेवटची, सगळ्यांत लांब ओळ निवडली. चौकटींच्या वहीचे पान आडवे धरले, एकाखाली एक दहा ओळी मांडल्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवली आणि बेरीज केली. उत्तर एकोणीस अंकी आले, मध्ये दोन शून्ये. तिने कात्रणाकडे पाहिले, खोडरबर उचलला आणि सगळे खोडून टाकले. “आजी, माझं चुकलं. पेपरात वेगळं आहे.” तिच्या गुणाकारात एकही चूक नव्हती. छापलेल्या अक्षरावर मुलांचा एवढा विश्वास असतो, आणि तो असावा असेच मला वाटते. त्यासाठी छापणाऱ्याने बालपुरवणीतला गुणाकारही अग्रलेखाइतक्याच काळजीने तपासला पाहिजे.

माझी नोकरी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिण्यात गेली. किर्द, खतावणी, हमाली-तोलाईच्या पावत्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या. तेथे संख्या लांब असो की आखूड, तिचा ताळा लागल्याशिवाय वही मिटायची नाही अशी शिस्त होती. त्याच शिस्तीने आम्ही दोघींनी ही दहावी ओळ पुन्हा पहिल्यापासून तपासली. ते काम आपल्या वाचकांपुढे ठेवते, कारण मनोरा असा का चढतो आणि नेमका कोठे थांबतो, हे त्या चौकटीत कोठेच नव्हते.

१११ गुणिले १११ घ्या. १११, त्याखाली एक घर सरकवून १११, त्याखाली आणखी एक घर सरकवून १११. आता उभे रकाने पाहा. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणून १२३२१. गुणाकार म्हणून आपण जे करतो आहोत ते प्रत्येक रकान्यात किती एक पडले, एवढेच मोजणे आहे. नऊ एक घेतले की मधला रकाना सर्वांत उंच, त्यात नऊ एक. नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक, म्हणून तोवर सगळे सरळ चालते आणि उत्तर दोन्हीकडून सारखेच वाचता येते. येथवर एकदाही हातचा आलेला नाही. या मनोऱ्याचे सगळे रहस्य तेवढेच आहे.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा एक पडतात. दहा एका घरात मावत नाहीत. शून्य मांडायचे, हातचा एक. डावीकडच्या रकान्यात नऊ आहेत, त्यात हातचा मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ, त्यात एक मिळून नऊ. आता मावले. पुढे सात, सहा, पाच असे जसेच्या तसे. म्हणून उत्तरात ...५६७९००९८७... असे येते. डावीकडच्या चढणीतला आठ गळाला असे वाटते, पण त्यालाच हातचा मिळून तो नऊ झाला आहे, आणि मूळच्या नवाच्या जागी शून्य आले आहे.

पुरवणीतल्या ओळीत काय झाले तेही यावरून दिसते. मधल्या रकान्यातले दहा हातचा न घेता ‘१०’ असे दोन घरांत लिहिले गेले. त्यामुळे डावीकडचे सगळे अंक एकेक घर पुढे ढकलले गेले आणि उत्तर जवळजवळ दहापट झाले. खरी संख्या एकोणीस अंकी, छापलेली वीस अंकी. एक घर सरकणे म्हणजे काय हे ज्याने जमाखर्च लिहिला आहे त्याला सांगावे लागत नाही.

हातच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ तिच्यावरच घालवला. हातचा घेताना एका घरातून दहा जातात आणि शेजारच्या घरात एक येतो. म्हणजे उत्तराच्या अंकांची बेरीज प्रत्येक हातच्यागणिक नऊने कमी होते. नऊ एकांच्या वर्गात हातचा नाही, म्हणून त्याच्या अंकांची बेरीज पूर्ण नऊ नव्वे एक्याऐंशी. दहा एकांच्या वर्गात रकान्यांतले एक मोजले तर शंभर भरतात. हातचे दोन, म्हणून शंभरातून अठरा गेले, राहिले ८२. आता १२३४५६७९००९८७६५४३२१ या उत्तराच्या अंकांची बेरीज करून पाहा. एक ते सात मिळून २८, त्यात नऊ मिळवून ३७, दोन शून्ये, आणि पुढचे नऊ ते एक मिळून ४५. एकूण ८२. उत्तराकडे नुसते पाहून त्यात किती हातचे आले होते हे सांगता येते. ती मुलगी हे कळल्यावर खुर्चीवरून उठून उभी राहिली. मलाही नव्या उत्साहाने खालच्या ओळी पुन्हा कराव्याशा वाटल्या.

नवाचा ताळा, म्हणजे संख्यांच्या अंकांची बेरीज घेऊन, नऊ टाकून गुणाकार पडताळण्याची रीत, चालतो तो याच कारणाने. हातचा घेताना नवाच्या पटीखेरीज काही हरवत नाही, म्हणून नऊ टाकून उरलेली बाकी शाबूत राहते. आम्ही छापलेल्या उत्तराला नवाचा ताळा लावला. दहा एकांची बेरीज १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. छापलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज ९१, नऊ आणि एक दहा, म्हणजे १. ताळा लागला! मुलगी गोंधळली. तिच्या शाळेत हा ताळा शिकवला आहे, पण तो कोठे फसतो हे सांगितलेले नाही. गाळ्यावर आम्हाला ते पहिल्याच महिन्यात कळायचे. ७८३२ च्या जागी ७३८२ लिहिले गेले तर फरक ४५० पडतो, आणि त्याला नऊने भाग जातो. अंकांची अदलाबदल, मध्येच घुसलेले शून्य, हे नवाच्या ताळ्याला दिसतच नाही. उलट वही जुळत नसेल आणि फरकाला नऊने भाग जात असेल, तर आम्ही आधी अदलाबदल झालेले आकडेच शोधायचो.

अशा वेळी अकराचा ताळा लावावा. उजवीकडून एकाआड एक अंकांची बेरीज करायची, उरलेल्या अंकांची वेगळी करायची, आणि दोहोंची वजाबाकी घ्यायची. दहा एकांत पाच इकडे पाच तिकडे, वजाबाकी शून्य, म्हणजे त्या संख्येला अकराने भाग जातो. तिच्या वर्गालाही तो गेलाच पाहिजे. छापलेल्या संख्येत एका बाजूला ४६ येतात, दुसऱ्या बाजूला ४५. बाकी एक. म्हणजे ती संख्या दहा एकांचा वर्ग असूच शकत नाही. मुलीने खोडलेले उत्तर आम्ही पुन्हा लिहून घेतले आणि त्याला हाच ताळा लावला. ४१ आणि ४१. बाकी शून्य. कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे एवढ्यावर हे झाले.

“मोबाईलवर करून बघा ना,” असे कोणी म्हणेल. आम्ही करून पाहिले. माझ्या मोबाईलच्या कॅल्क्युलेटरने १.२३४५६७९ आणि पुढे दहाचा अठरावा घात एवढेच दाखवले. ज्या मधल्या अंकांवर वाद आहे तेच त्याने गाळले. वरच्या मजल्यावरच्या मुलाने संगणकावर एक्सेल उघडून नवव्या ओळीची संख्या लिहिली, तर तिचे शेवटचे दोन अंक शून्य झाले: १२३४५६७८९८७६५४३००. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच खरे अंक सांभाळते, पुढे शून्ये भरते. एवढ्या मोठ्या पूर्णांकाचा अंक न् अंक हवा असेल तर त्यासाठी वेगळी सोय असलेली संगणकाची भाषा वापरावी लागते, नाहीतर चौकटीची वही. पुरवणीचे काम करणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे, एवढ्यासाठी सांगितले.

आता छापलेल्या संख्येविषयी. १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही संख्या दहा एकांचा वर्ग नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्गही नाही, कारण ती मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एकाआड एक मिळवा आणि वजा करा: ३२१ वजा ६५४ अधिक ९८७ वजा ९१० अधिक ६७८ वजा ३४५ अधिक १२. उरतात ८९. ८९ ला सात, अकरा किंवा तेरा यांपैकी कशानेही भाग जात नाही, म्हणून छापलेल्या संख्येलाही जात नाही. एवढे हाताने होते. पूर्ण खात्री करायची तर साडेतीनशे कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल, आणि ते हाताने करण्याचे काम नव्हे. संगणकाने ते झालेले आहे, आणि लक्षात ठेवायला सोपी अशी ही मूळ संख्या गणिताची आवड असणाऱ्यांत प्रसिद्धही आहे. म्हणजे पुरवणीत वर्ग म्हणून जी संख्या दिली ती वर्ग असण्यापासून शक्य तितकी दूर आहे. त्याच चौकटीत तिला मूळ संख्या म्हणून छापले असते तर मी आपले अभिनंदन केले असते.

नवव्या ओळीच्या संख्येचे घटक पाडले तर नऊ एक म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९, आणि १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ म्हणजे तीनाचा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग. तिला एकंदर ४५ विभाजक आहेत. वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषमच भरतात, कारण बाकीचे विभाजक जोडीने येतात आणि वर्गमूळ एकटे राहते. दहाव्या ओळीच्या खऱ्या संख्येला ८१ विभाजक आहेत, कारण दहा एक म्हणजे ११ गुणिले ४१ गुणिले २७१ गुणिले ९०९१, चारही मूळ संख्या. मुलांना यातला एखादा गुणाकार उलट करून पाहायला सांगावे.

मला सर्वांत जास्त वाईट वाटले ते पुढच्या गोष्टीचे. चुकीच्या ओळीमुळे मुलांच्या हातून एक खरी मौल्यवान वस्तू निसटली, आणि ती आपल्याच माणसाने शोधलेली वस्तू आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. जन्म १९०५, मृत्यू १९८६. शिक्षण पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संख्या तपासायच्या, यात त्यांचे आयुष्य गेले. १९७५ च्या मार्चमध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि मग जगभर त्यांचे नाव झाले. कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येमुळे आज ते अनेकांना माहीत आहेत. पण पुरवणीतला हा मनोरासुद्धा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या वर्गांना त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या असे नाव दिले. डेम्लो हे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचे स्थानक, आजची डोंबिवली. तेथे ही कल्पना सुचली म्हणून ते नाव. नवव्या ओळीच्या संख्येचा मधला नऊ बाजूला ठेवा, डावीकडचे आठ अंक आणि उजवीकडचे आठ अंक मिळवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९. मधला अंक नऊ, आणि बेरजेतही सगळे नऊच. १२३२१ मध्ये १२ अधिक २१ बरोबर ३३, मधला अंक तीन. डेम्लो संख्यांचा गुण हाच.

कापरेकरांचा दुसरा शोध असा. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५, आणि मिळवा, पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ बरोबर २९७. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आता दहाव्या ओळीचे खरे उत्तर घ्या, १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडचे दहा अंक तोडा. डावीकडे उरतात १२३४५६७९०, उजवीकडे ०९८७६५४३२१. बेरीज करा.

१२३४५६७९० अधिक ९८७६५४३२१ बरोबर ११११११११११. दहा एक!

दहा एक ही कापरेकर संख्या आहे. मनोऱ्याची सरळ चढण जेथे मोडते, त्याच ओळीत हा दुसरा गुण उभा आहे. छापलेल्या चुकीच्या संख्येत त्याचा मागमूस नाही. आणि यामागेही कारण आहे. दहा एकांतून एक वजा केला की १११११११११० उरतात. त्याच्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून नऊने भाग जातो आणि भागाकार येतो १२३४५६७९०. म्हणजे दहा एक गुणिले त्याच्याहून एकाने लहान संख्या, हा गुणाकार ‘दहा एक गुणिले नऊ गुणिले १२३४५६७९०’ असा लिहिता येतो. दहा एक गुणिले नऊ म्हणजे दहा नऊ, अर्थात एक हजार कोटीला एक कमी. म्हणून दहा एकांचा वर्ग हा १२३४५६७९० गुणिले एक हजार कोटी, त्यातून १२३४५६७९० वजा आणि त्यात दहा एक मिळवलेले, असा होतो. डावीकडच्या तुकड्यात १२३४५६७९० बसले, आणि उजवीकडच्या तुकड्यात दहा एकांतून तेवढेच कमी होऊन ९८७६५४३२१ उरले. जेवढे एकीकडे आहे तेवढेच दुसरीकडून गेलेले आहे, म्हणून दोन्ही तुकडे मिळवले की दहा एक परत येतात. नऊ एकांतून एक वजा केला तर अंकांची बेरीज आठ, नऊने भाग जात नाही, आणि म्हणून तेथे हे होत नाही. तेथे १२३४५६७८ अधिक ९८७६५४३२१ केले की नऊ नऊ येतात, म्हणजे नऊ एकांच्या नऊपट. दोन ओळींत एका एकाचा फरक, आणि गुण पूर्ण बदललेला. सहावीतल्या मुलीला हे समजले. तिने ते पाठकोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहून मला दाखवले.

या संख्यांचे वेड आपल्याकडे फार जुने आहे. महावीराचार्यांनी इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, गणितसारसंग्रह लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी म्हणून सांगितली आहे. तीच सहा एकांचा वर्ग, पुरवणीतली सहावी ओळ. २७९९४६८१ गुणिले ४४१ केले की ती येते, असे उदाहरण त्यांनी घातले आहे. मी गुणून पाहिले, बरोबर आहे. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक. अशा देखण्या गुणाकारांना ते कंठाभरण म्हणतात. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रंथकार उत्तर तपासून देतो, आपणही द्यावे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्या नावांनी नवव्या ओळीची संख्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेतली: मध्य एक, अंत्य दोन, जलधी तीन, शंकू चार, महापद्म पाच, निखर्व सहा, खर्व सात, अब्ज आठ, अर्बुद नऊ, कोटी आठ, प्रयुत सात, लक्ष सहा, अयुत पाच, सहस्र चार, शत तीन, दश दोन, एक एक. सतरा स्थाने लागली. दहाव्या ओळीला एकोणीस लागतात, म्हणजे परार्धाच्याही पुढे एक घर, आणि त्या यादीत त्याला नाव नाही. हा योगायोग आहे, त्यात गणिताचे कारण काही नाही, आणि मुलीलाही मी तसे सांगितले. कोणत्या गोष्टीला कारण आहे आणि कोणती नुसती जुळून आली आहे, हे वेगळे करता येणे मला फार महत्त्वाचे वाटते. ‘चमत्कार’ या मथळ्याखाली दोन्ही एकत्र टाकले की मुलांना ते वेगळे करता येत नाही.

माझी विनंती अशी आहे. या चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर बारीक टाइपात देऊ नये. त्याच बालपुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत दहा एकांचा गुणाकार घरे आखून मांडावा, हातचे दोन्ही दाखवावेत, आणि त्याखाली दोन तुकड्यांची बेरीज द्यावी. पुरवणीत दहाव्या ओळीचे उत्तर रकान्यात न मावल्यामुळे तोडून दोन ओळींत गेले होते. संख्या तशी तोडू नये, टाइप लहान करावा. पुढे असे काही छापताना कोणाकडून तपासून घ्यावे. पुण्यात त्याला तोटा नाही. प्राध्यापक श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान येथेच आहे, महाविद्यालयांचे गणित विभाग आहेत, आणि गणित शिकवून निवृत्त झालेले शिक्षक तर गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापैकी कोणीही आनंदाने हे काम करील. कोणी नाही मिळाले तर मी करीन.

आणि अकरावी ओळ छापू नये. तेथे रिकामी घरे आखून ठेवावीत आणि मुलांना भरू द्यावीत. उत्तर मी येथे लिहीत नाही. ताळ्यापुरते एवढे द्यावे: एकवीस अंक, चार हातचे, अंकांची बेरीज ८५, अकराच्या ताळ्याला बाकी एक.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस
बिबवेवाडी, पुणे ३७